गळ टाका, पण शिसं नको!

शिवाजी पार्क म्हटलं की काय आठवतं? क्रिकेट. कट्टा. दसऱ्याची सभा. उद्यान गणेश. पहाटे पाचला कॅनव्हासचे शूज घालून मैदानाला फेऱ्या मारणारे आजोबा आणि संध्याकाळी सातला त्याच कट्ट्यावर कानात हेडफोन घालून बसलेली त्यांची नात. या यादीत समुद्र मात्र कुणी घेत नाही. खरं तर वीर सावरकर मार्ग, म्हणजे जुन्या मंडळींचा कॅडल रोड, ओलांडला की पाच-सात मिनिटांत पायाखाली वाळू येते. पण कट्ट्यावरून उठायचं कोण?

तर या वीकएंडला उठा. कटिंग संपवा, मोबाइल खिशात टाका आणि पश्चिमेला चालायला लागा. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही, एंट्री फी तर नाहीच नाही. आहे तो माहीमचा उपसागर, समोर सी-लिंक आणि खडकांवर तासन् तास बसलेली काही शांत माणसं. आजची गोष्ट त्या माणसांच्या हातातल्या दोरीची आहे. नेमकं सांगायचं तर त्या दोरीच्या टोकाला असलेल्या करड्या रंगाच्या एका छोट्याशा गोळीची.

कट्टा टू किनारा

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय दादरमध्ये कुणी पुढे जाऊ देत नाही. मुंबई महापालिकेने हे मैदान लोकांसाठी खुलं केलं ते 1925 मध्ये. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. 1927 मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीचं निमित्त साधून, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं शिवाजी पार्क झालं. 2020 मध्ये नावाचा विस्तार होऊन ते छत्रपती शिवाजी महाराज पार्क झालं. बोलताना मात्र सगळे अजूनही नुसतं 'पार्क' म्हणतात. 'कुठे भेटायचं?' 'पार्कात.' संपलं. जुन्या नावातलं माहीम आता आठवत नसलं, तरी पाण्याचं नातं तेवढंच जवळचं आहे.

चैत्यभूमीच्या बाजूने किनाऱ्यावर उतरलात की उजवीकडे माहीमचा किल्ला, डावीकडे प्रभादेवी आणि पुढे वरळी. 2009 मध्ये वांद्रे-वरळी सी-लिंक सुरू झाला आणि दादरच्या चौपाटीला एकदम फोटोजेनिक बॅकग्राउंड मिळालं. सूर्यास्ताला त्या केबल्सच्या मागे आभाळ नारिंगी होतं, तेव्हा सगळ्यांचे कॅमेरे आपोआप वर येतात. हा उपसागर म्हणजे मिठी नदीचं तोंड. मुंबईचं बरंच काही, नको असलेलं सुद्धा, इथेच येऊन पडतं. त्यामुळे 'गोव्यासारखं नितळ पाणी' वगैरे अपेक्षा घरी ठेवून या.

आणि मग ती माणसं दिसतात. कुणाच्या हातात नुसती प्लॅस्टिकच्या रिळाला गुंडाळलेली दोरी, तर कुणाकडे ऑनलाइन मागवलेला चकाचक रॉड. कोकणात या उद्योगाला मस्त शब्द आहे: 'गरवणं'. गरी म्हणजे गळाचा आकडा, त्यावरून गरवणं. गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा, दोरी भिरकवायची आणि वाट बघायची. दादर, वरळी, वांद्र्याचं बँडस्टँड, सगळीकडे हे दृश्य आहे. मिळालाच तर शिंगाळा, बोई, नशीब जोरावर असेल तर तांबोशी. नाही मिळाला तरी दोन तास बॉसचा फोन घेतला नाही, हे काय कमी आहे? म्हणूनच आयटी आणि बँकेतल्या पोरांनाही आताशा हे वेड लागलंय. पवईच्या तलावावर तर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनमुळे ही हौस कितीतरी जुनी आहे.

शिसपेन्सिलीत नसलेलं शिसं

आता त्या दोरीकडे नीट बघा. गरीच्या थोडं वर एक वजन बांधलेलं असतं. ते नसेल तर आमिष पाण्यावरच तरंगत राहील आणि दोरी लांब जाणारच नाही. हे वजन बहुतेक वेळा शिशाचं असतं. कधी वाटाण्याएवढ्या, मधे चीर असलेल्या गोळ्या, कधी लांबट ठोकळा.

गंमत बघा, आपण ज्याला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसं अजिबात नसतं, ग्रॅफाइट असतं. आणि ज्या वस्तूच्या नावात शिसं नाही, त्या गळात मात्र ते चक्क लोंबत असतं!

पण शिसंच का? कारण सोपं आहे. ते जड आहे, एका घन सेंटिमीटरला 11.3 ग्रॅम. लोखंड त्याच मापात 7.8 ग्रॅमच भरतं. म्हणजे छोट्या गोळीत भरपूर वजन. ते मऊ आहे, त्यामुळे चीर दोरीवर दाबून बसवता येते. ते स्वस्त आहे, भंगारातही मिळतं. आणि ते 327 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे घरातल्या शेगडीवरसुद्धा. साच्यात ओतलं की झालं वजन तयार.

याच चार गुणांत चार धोके लपलेले आहेत. मऊ आहे म्हणून लोक गोळीची चीर चक्क दाताने दाबतात. हाताळताना बोटांना करडा रंग लागतो आणि त्याच बोटांनी पुढे वडापाव खाल्ला जातो. शेगडीवर वितळवलं की धूर आणि बारीक कण घरभर बसतात, आणि घरात रांगणारं मूल असेल तर ते आधी त्याच्या पोटात जातात. स्वस्त आहे म्हणून हरवलं तर कुणाला वाईट वाटत नाही. खडकात अडकलं, दोरी तुटली, गेलं. दुसरं बांधा. पाण्यात पडलेलं शिसं मात्र कुठेच जात नाही. ते कुजत नाही, विरत नाही, हळूहळू झिजून तिथल्याच गाळात मुरतं.

'एवढ्याशा गोळीने काय होतंय?' असं मनात आलं ना? जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं सांगता येत नाही. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते घाला घालतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने 2020 मध्ये अहवाल काढला. त्यांच्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं चिंता करण्याइतकं आहे. ही मुलं सुमारे 80 कोटी, आणि त्यातली साधारण 27.5 कोटी एकट्या भारतातली. हे सगळं गळाच्या गोळ्यांमुळे नाही, हे उघड आहे. जुन्या बॅटऱ्या, रंग, भेसळीचे मसाले, भांडी अशी मोठी कारणं वेगळीच आहेत. पण घरात शिसं शिरायला जी दारं आहेत, त्यातलं हे एक आहे. आणि हे दार आपण हौसेने उघडतो.

राणीचे हंस

या गोळीवर पहिली मोठी लढाई झाली ती इंग्लंडमध्ये, आणि ती माणसांसाठी नव्हती, हंसांसाठी होती.

तिथल्या नद्यांमधले पांढरेशुभ्र हंस म्हणजे राजघराण्याच्या मानाचा विषय. थेम्स नदीवर दरवर्षी जुलैमध्ये या हंसांची मोजणी होते, सजवलेल्या नावा, लाल कोट, सगळा थाटमाट. सत्तरच्या दशकात या हंसांची संख्या घसरायला लागली. शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, एव्हन नदीतले हंस जवळजवळ नाहीसेच झाले. शोध घेतला तेव्हा मेलेल्या हंसांच्या पोटात सापडल्या गळाच्या गोळ्या.

असं का व्हावं? हंसाला दात नसतात. अन्न दळायला तो तळातले बारीक खडे गिळतो आणि ते त्याच्या पोटातल्या जात्यात बसतात. नदीच्या तळाशी पडलेली शिशाची गोळी आणि खडा, त्याला काय फरक कळणार? जात्यात गोळी दळली जाते, शिसं रक्तात उतरतं, स्नायू लुळे पडतात. ती डौलदार मान वाकडी होऊन पाठीवर पडते. पक्ष्याला गिळता येत नाही आणि तो उपाशी मरतो. 1981 च्या सरकारी अहवालाने दरवर्षी तीन ते चार हजार हंस शिशाने मरत असल्याचा अंदाज मांडला.

सरकारने आधी समजावून बघितलं. 'आपणहून बंद करा' असं मासेमारांना सांगितलं. अपेक्षेप्रमाणे थोडं झालं, पुरेसं झालं नाही. शेवटी 1987 पासून 0.06 ग्रॅम ते 28.35 ग्रॅम, म्हणजे एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. मापं बघा किती विचार करून ठेवलीत. हंस गिळू शकेल तेवढ्यावरच बंदी, त्याहून मोठ्या वजनांना परवानगी. आरडाओरड झाली. 'नवी वजनं महाग आहेत', 'दोरीवर नीट बसत नाहीत', 'आमच्या खेळाचं वाटोळं केलं'. पुढे काय झालं? कारखान्यांनी दुसऱ्या धातूंची वजनं काढली, मासेमारांना सवय झाली आणि हंस परत वाढले. खेळ चालूच राहिला.

मग इतर देश पुढे आले. कॅनडाने 1997 मध्ये राष्ट्रीय उद्यानांमध्ये छोट्या शिशाच्या वजनांना मनाई केली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने 2000 मध्ये गोड्या पाण्यात ती बंद केली. तिथे प्रश्न होता 'लून' नावाच्या पाणपक्ष्याचा. डेन्मार्कने 2002 मध्ये हौशी मासेमारीच्या शिशाची विक्रीच थांबवली. 2021 मध्ये युरोपियन केमिकल्स एजन्सीने सगळ्या युरोपियन युनियनसाठी तसा प्रस्ताव मांडला.

आपण कुठे आहोत?

आपण काही मागासलेले नाही बरं का! शिशाशी आपलं भांडण जुनं आहे. मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल 1995 मध्ये आलं आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर तेच झालं. नव्वदच्या दशकात कॅडल रोडवर बसची वाट बघत उभं राहिलेल्या प्रत्येकाच्या फुप्फुसांनी या निर्णयाचे आभार मानायला हवेत. रंगातल्या शिशावर 2016 मध्ये नियम झाले. दहा लाखांत 90 भाग, त्यापेक्षा जास्त शिसं घरगुती रंगात चालणार नाही, आणि असा रंग बनवायला नोव्हेंबर 2017 पासून मनाई. गणपतीच्या मूर्तींसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 2020 मध्ये त्या सुधारल्या. विषारी रंग नकोत, हे त्यात आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ज्यांनी दादरची चौपाटी बघितली आहे, त्यांना हे का ते सांगावं लागत नाही.

मासेमारीलाही आपल्याकडे नियम आहेत. पावसाळ्यात यांत्रिक बोटी बंद असतात, म्हणून तर नारळीपौर्णिमेला कोळीवाडे एवढे खुशीत असतात. 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा केलं आणि 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. म्हणजे मासा किती मोठा हवा, तो कधी पकडायचा, यावर कायदा आहे. गळाला काय बांधायचं, यावर मात्र काहीच नाही.

पोट कुणाचं, हौस कुणाची

इथे एक मिनिट थांबू या. 'सरकारने सगळं शिसं बंद करावं' असं कट्ट्यावर बसून म्हणणं फार सोपं आहे. पण माहीम आणि वरळीच्या कोळीवाड्यांचं काय? फेकजाळ्याच्या, म्हणजे पागाच्या कडेलाही शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्या जाळ्यावर घर चालतं. आधीच मासा कमी झालाय, डिझेल महाग आहे, किनारा दर वर्षी थोडा आक्रसतो. वर पहिला दंड त्यांनाच बसला तर तो न्याय कसला?

म्हणून या बंद्यांमधली एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, डेन्मार्क, सगळ्यांनी सुरुवात केली ती हौशी मासेमारांपासून. ज्याचं पोट त्यावर नाही, त्याच्यापासून. हे मला फार योग्य वाटतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. मग आपल्या हौसेचं मोल दुसऱ्याच्या पोराने किंवा एखाद्या पाणपक्ष्याने का चुकवावं? चार हजारांचा रॉड घेणाऱ्याला दहा-वीस रुपये जास्त देऊन दुसरं वजन घेणं जड नाही. कोळ्याला शंभर गोळ्यांचं जाळं बदलणं जड आहे. त्याच्यासाठी सबसिडी हवी, पर्याय हवा, वेळ हवा. आपल्यासाठी फक्त इच्छा हवी.

अजून एक खरं सांगायला हवं. आपल्याकडे दादरच्या समुद्रात हंस नाहीत. खडकांवरून टाकायची वजनं बऱ्याचदा एक औंसाहून मोठी असतात, त्यांना इंग्लंडचा कायदासुद्धा लागू झाला नसता. पवईसारख्या गोड्या पाण्यात आणि बगळे-बदकं चरतात अशा उथळ खाड्यांत पक्ष्यांची काळजी आधी. दादरच्या खडकांवर मात्र आधी काळजी करायची ती आपल्या हातांची, दातांची आणि घरातल्या शेगडीची. दुसऱ्याचा कायदा जसाच्या तसा उचलून चालत नाही. कुठे कुणाला धोका आहे ते बघून तो करायचा असतो.

आणि बंदी आली की मुंबईकर कुरकुरतो, मग सरावतो, हे पार्काला वेगळं सांगायला नको. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने पार्क शांतता क्षेत्र ठरवलं तेव्हा किती वाद झाले! 2018 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि बाजारात जाताना कापडी पिशवी परत आठवली. पूर्ण पाळलं जातं का? नाही. पण पिशवी मागताना आता थोडी लाज वाटते. एवढा बदलसुद्धा काही कमी नाही.

मग बांधायचं काय?

पर्याय भरपूर आहेत, आणि त्यातला एक तर आपल्या आजीच्या ओळखीचा आहे.

कथील: हो, तेच, पितळी भांड्यांना कल्हई लावायचं! 'कल्हईऽऽ' अशी आरोळी गिरगाव-दादरच्या चाळींतून यायची, तो कल्हईवाला भांड्यात घासायचा ते हेच. कथील मऊ असतं, त्यामुळे चिरेच्या छोट्या गोळ्यांना उत्तम. शिशापेक्षा हलकं असल्यामुळे गोळी थोडी जाडी होते, बस.

लोखंड आणि पोलाद: स्वस्त. गंजतं, पण गंजलेलं लोखंड हे शिशासारखं विष नाही. खडकांवर वजनं अडकून हरवणारच असतील तर हेच बरं. जुना नट-बोल्टसुद्धा चालतो.

टंगस्टन: शिशापेक्षाही जड, एका घन सेंटिमीटरला 19 ग्रॅम. छोटं, देखणं आणि खिशाला कात्री. बोनस मिळाला असेल तरच.

दगड: सगळ्यात जुना आणि फुकट. भोक असलेला किंवा मधे खाच असलेला दगड, त्याला दोरी. शिसं यायच्या आधी मासेमारी चालूच होती की.

शिशाची वजनं आधीच घरात असतील तर? ती दाताने दाबू नका, पक्कड वापरा. हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. मुलांच्या हाताला लागतील तिथे ठेवू नका, घरात वितळवू नका. आणि टाकून द्यायची असतील तर कचऱ्यात नको, जुनी बॅटरी परत घेणाऱ्याकडे द्या.

जाल कसे, जाल केव्हा

दादर स्टेशनला पश्चिमेला उतरा. चालत पंधरा-वीस मिनिटांत पार्क, तिथून किनारा. भरतीचं गणित आधी करा. सोपी खूण अशी: पौर्णिमा आणि अमावास्येला मुंबईत दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. त्या दिवसांत पाण्याला उधाण असतं, म्हणजे चढ-उतार सगळ्यात मोठा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, शांत. नवख्यांनी भांगातच जावं. शेवाळलेल्या खडकांवर आणि टेट्रापॉड्सवर चढून हिरोगिरी करू नका. पावसाळ्यात तर लांबूनच नमस्कार.

पोटोबासाठी चिंता नको. प्रभादेवीच्या बाजूला निघालात तर कीर्ती कॉलेजचा वडापाव, पार्काकडे वळलात तर आस्वादची मिसळ. पण आधी हात धुवा. कशासाठी, ते आता कळलंय.

मासा मिळेल, न मिळेल. गळाचं सामान घ्यायला गेलात की दुकानदाराला मात्र एवढं विचारा, 'दादा, शिशाचं नको, कथलाचं किंवा लोखंडाचं आहे का?' तो बहुतेक 'नाही' म्हणेल आणि तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे. पुढच्या शनिवारी दुसरा कुणी विचारेल, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरा. सरकारी कागद यायला वेळ लागतो. दुकानदाराला मात्र तीन गिऱ्हाइकं परत गेली की लगेच कळतं.